पायथनमधून फाइलची साइज, तारीख, मालक काढायचाय? एलएसचं आउटपुट तोडत बसू नका, थेट सिस्टमला विचारा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑफिसच्या एका शेअर फोल्डरमध्ये स्कॅन केलेल्या पीडीएफ येऊन पडतात, पायथन स्क्रिप्टनं प्रत्येक फाइलची साइज, तयार झाल्याची तारीख आणि मालक काढून यादी करायची आहे. सध्या स्क्रिप्ट सबप्रोसेसमधून ‘एलएस -एल’ (लिनक्सची फाइलींची सविस्तर यादी दाखवणारी कमांड) चालवते, आलेली ओळ स्पेसवर तोडते आणि पाचवा तुकडा साइज, सहावा-सातवा-आठवा तारीख, नववा तुकडा नाव असं धरते. लिनक्स सर्व्हरवर काही दिवस नीट चाललं, आता तारखा चुकतायत, काही फाइली सापडतच नाहीत, आणि विंडोजवर तर स्क्रिप्ट उभीच राहत नाही.

आधी हे का बिघडतंय ते बघू, कारण ते कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. ‘एलएस -एल’ ची ओळ माणसानं वाचायला केलेली आहे, प्रोग्रामसाठी नाही. फाइल गेल्या सहा महिन्यांतली असेल तर तारखेच्या शेवटच्या रकान्यात तास-मिनिटं येतात, त्याहून जुनी झाली की त्याच जागी वर्ष येतं आणि वेळ जाते. म्हणजे तुमच्या आठव्या तुकड्यात कधी ‘१४:३५’ तर कधी ‘२०२३’. काही दिवस चाललं आणि मग बिघडलं त्याचं कारण हेच, फाइली सहा महिन्यांपेक्षा जुन्या व्हायला लागल्या. त्यात लोकेल, म्हणजे मशिनची भाषा-प्रांताची सेटिंग, बदललं की महिन्याचं नाव बदलतं. सर्व्हर जर विंडोजच्या डोमेनला जोडलेला असेल तर ग्रुपचं नाव ‘डोमेन युजर्स’ असं मधे स्पेस असलेलं येतं आणि पुढचे सगळे रकाने एक-एक घर सरकतात, मग साइजच्या जागी ‘युजर्स’ येतं. आणि फाइलच्या नावात स्पेस असेल, ‘दुसऱ्या सत्राचे गुण’ सारखं, तर तुमच्या नवव्या तुकड्यात फक्त ‘दुसऱ्या’ उरतं आणि या नावाची फाइल तर कुठेच नाही, म्हणून ती ‘गायब’. युनिक्सवर फाइलच्या नावात स्लॅश आणि नल बाइट सोडून काहीही चालतं, अगदी नवीन ओळसुद्धा, त्यामुळे ओळीओळीनं तोडणं हेसुद्धा भरवशाचं नाही. विंडोजच्या ‘डीआयआर’ ची तीच गत, तिथं तारखेचा क्रम कंट्रोल पॅनेलच्या रीजन सेटिंगवर ठरतो, एका मशिनवर दिवस आधी आणि दुसऱ्यावर महिना आधी.

तर एलएस स्वतः ही माहिती कुठून आणतं? ते कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याला, विचारतं, ‘स्टॅट’ नावाच्या सिस्टम कॉलनं. हा कॉल १९७१ च्या पहिल्या युनिक्स मॅन्युअलपासून आहे. पायथन, जावा, पीएचपी, नोड, गो, रस्ट, सगळ्यांच्या फाइल-माहितीच्या फंक्शनच्या पोटात लिनक्सवर हाच किंवा याचाच भाऊबंद असतो. मग मधे एलएसला दलाल कशाला ठेवायचा, ओएस मॉड्यूलचं स्टॅट फंक्शन पाथ देऊन बोलवा, एक ऑब्जेक्ट मिळतो, त्यात सगळं आकड्यांत असतं. नवीन कोडमध्ये पाथलिब वापरत असाल तर पाथ ऑब्जेक्टवरच स्टॅट मेथड आहे, आतून तेच. फील्डची नावं सगळी ‘एसटी’ आणि अंडरस्कोरनं सुरू होतात, मी खाली ते दरवेळी लिहीत नाही, नुसतं साइज, एमटाइम, मोड असं लिहितो.

एक गोष्ट मनात पक्की बसवा. फाइलचं नाव आणि फाइलची माहिती या दोन वेगळ्या जागी राहतात. गावच्या खातेदार यादीत नाव आणि गट नंबर, बाकी सगळा तपशील त्या गटाच्या सातबाऱ्यावर, तसं आहे हे. डिरेक्टरीमध्ये फक्त नाव आणि आयनोड नंबर, आणि आयनोडमध्ये साइज, परवानग्या, मालकाचा नंबर, वेळा, डेटा डिस्कवर कुठे आहे ते सगळं. म्हणून एकाच आयनोडला दोन नावं असू शकतात, त्याला हार्ड लिंक म्हणतात आणि एनलिंक फील्डमध्ये किती नावं आहेत तो आकडा मिळतो. फाइलचं नाव बदललं तर तिचा एमटाइम हलत नाही, डिरेक्टरीचा हलतो. डिरेक्टरीतल्या एखाद्या फाइलच्या आत काही बदललं तर डिरेक्टरीचा एमटाइम तसाच राहतो, तो फक्त नावं वाढली, गेली, बदलली तर हलतो. ‘फोल्डरची तारीख बदलली नाही म्हणजे आत काही बदललं नाही’ असं धरून लिहिलेला कोड फार ठिकाणी दिसतो आणि तो चुकीचा आहे.

आता तारखा, कारण खरा घोळ इथंच आहे. तुम्हाला ‘तयार झाल्याची तारीख’ हवीय. स्टॅटमध्ये तीन वेळा मिळतात: एटाइम म्हणजे शेवटचं वाचन, एमटाइम म्हणजे आतला मजकूर शेवटचा कधी बदलला, आणि सीटाइम. बहुतेक लोक सीटाइममधल्या ‘सी’ ला क्रिएशन समजतात आणि तिथंच फसतात. लिनक्सवर आणि मॅकवर सीटाइम म्हणजे आयनोड शेवटचा कधी बदलला ती वेळ. परवानगी बदलली, मालक बदलला, हार्ड लिंक जोडली, मजकूर लिहिला, की सीटाइम पुढे सरकला. म्हणजे सर्व्हरवर कोणी पूर्ण फोल्डरला चेंज-मोड (परवानग्या बदलणारी कमांड) मारला की तुमच्या यादीत हजारो फाइली ‘आज तयार झाल्या’. पायथननं विंडोजवर मात्र याच सीटाइम फील्डमध्ये खरोखरची क्रिएशन टाइम भरायची पद्धत ठेवली होती, त्यामुळे एकच ओळ विंडोजवर एक अर्थ देते आणि लिनक्सवर दुसरा. पायथन ३.१२ पासून विंडोजवर सीटाइम असा वापरणं डेप्रिकेटेड (अजून चालतं, पण वापरू नका अशी सूचना) केलंय आणि त्याऐवजी बर्थटाइम फील्ड दिलंय. मॅकवर बर्थटाइम आधीपासून आहे.

लिनक्सवर काय? लिनक्सच्या जुन्या स्टॅटमध्ये जन्मवेळेला जागाच नव्हती. लिनक्सवरची ईएक्सटी४ फाइल सिस्टम ती वेळ आयनोडमध्ये लिहून ठेवत होती, पण कर्नलकडून ती मागायचा सरळ रस्ता २०१७ मध्ये आला, ४.११ कर्नलमधल्या ‘स्टॅटएक्स’ कॉलबरोबर. मग २०१८ मध्ये जीलिबसी या लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीत त्याचं फंक्शन आलं, आणि २०१९ मध्ये एलएस वगैरे कमांड ज्यात येतात त्या कोअरयुटिल्स ८.३१ पासून ‘स्टॅट’ कमांड ती वेळ दाखवायला लागली. पायथनचं नेहमीचं स्टॅट मात्र लिनक्सवर बर्थटाइम देत नाही, मागितलं की ॲट्रिब्यूट एरर येतो. अगदीच हवी असेल तर ‘स्टॅट’ कमांडला फॉरमॅटचा पर्याय देऊन फक्त कॅपिटल डब्ल्यू मागा, एकच आकडा मिळतो, १९७० पासूनचे सेकंद, आणि माहीत नसेल तर शून्य. एलएसची ओळ तोडण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कारण इथं फॉरमॅट तुम्ही ठरवलेला असतो.

पण त्याआधी मी तुम्हाला उलटं विचारतो, ही जन्मवेळ घेऊन तुम्ही करणार काय? कारण ही वेळ त्या कागदाची नसते, त्या डिस्कवरच्या त्या आयनोडची असते. फाइल दुसऱ्या डिस्कवर कॉपी केली, बॅकअपमधून परत आणली, नवीन सर्व्हरवर हलवली, की जन्म नवा. बरेच एडिटर सेव्ह करताना आधी नवीन तात्पुरती फाइल लिहितात आणि मग तिला जुन्या नावावर रीनेम करतात, म्हणजे दर सेव्हला नवा जन्म. विंडोजवर फाइल कॉपी केली तर एमटाइम जुनाच राहतो आणि क्रिएशन टाइम कॉपीच्या क्षणाची लागते, म्हणून प्रॉपर्टीजमध्ये ‘तयार झाली जूनमध्ये, बदलली मार्चमध्ये’ असलं उफराटं दिसतं, ते बिघाड नाही, तसंच अपेक्षित आहे. त्यावर विंडोजची आणखी एक खोड आहे, टनेलिंग म्हणतात तिला: एखादी फाइल डिलीट करून साधारण १५ सेकंदांच्या आत त्याच फोल्डरमध्ये त्याच नावाची नवी फाइल केली तर नव्या फाइलला जुन्या फाइलची क्रिएशन टाइम मिळते. वर सांगितलं तसं तात्पुरती फाइल लिहून नाव बदलणाऱ्या प्रोग्रामना मूळ तारीख टिकून राहावी म्हणून हे मुद्दाम केलंय. पण तुमची टेस्ट जर ‘फाइल काढा, परत बनवा, क्रिएशन टाइम तपासा’ अशी असेल तर ती टेस्ट वेड लावेल.

म्हणून माझं स्पष्ट मत: ‘हा कागद कधी आला’ हे तुम्हाला खरंच महत्त्वाचं असेल तर ते फाइल सिस्टमवर सोपवू नका. फाइल फोल्डरमध्ये पहिल्यांदा दिसली त्या क्षणी तुमच्या स्क्रिप्टनं ती वेळ स्वतःच्या टेबलमध्ये लिहावी, किंवा स्कॅनरलाच नावात तारीख घालायला सांगावी, वर्ष-महिना-दिवस या क्रमानं म्हणजे नावावर सॉर्ट केलं तरी तारखेनं लागतं. आणि ‘मजकूर शेवटचा कधी बदलला’ एवढंच हवं असेल तर एमटाइम घ्या, तो सगळीकडे आहे आणि सगळीकडे एकाच अर्थाचा आहे. फक्त हे लक्षात असू द्या की एमटाइम कोणीही हवा तो लावू शकतो, ‘टच’ कमांडनं किंवा पायथनच्याच यूटाइम फंक्शननं, झिप उघडणारे प्रोग्राम आणि फाइली दुसरीकडे कॉपी करणारं आरसिंक तर रोज हेच करतात. सीटाइमला असं थेट सेट करायचा कॉलच नाही, त्यामुळे एमटाइम जुना आणि सीटाइम आजचा दिसला तर फाइलला हात लागलाय एवढं नक्की, काय केलं ते कळत नाही.

एटाइमवर तर काही उभारूच नका. ‘गेल्या वर्षभरात कोणी उघडली नाही ती फाइल डिलीट’ असा कोड लिहायचा मोह होतो. लिनक्समध्ये २००९ च्या २.६.३० कर्नलपासून रेलएटाइम हा डिफॉल्ट आहे, म्हणजे वाचलं की लगेच वेळ लिहिली जात नाही, जुना एटाइम एमटाइम-सीटाइमच्या मागे असेल किंवा २४ तासांहून जुना असेल तरच लिहिली जाते. बऱ्याच सर्व्हरवर नोएटाइम लावलेलं असतं, तिथं ती कधीच हलत नाही. विंडोजनंही व्हिस्टापासून ही नोंद डिफॉल्टनं बंद केली होती. उलट बाजूनं अँटीव्हायरस किंवा बॅकअपनं फाइल वाचली तरी ते ‘वाचन’च. म्हणजे दोन्हीकडून भरवसा नाही.

वेळेचा आकडा मिळाल्यावर पुढचा खड्डा टाइमझोनचा. स्टॅट देतं ते १ जानेवारी १९७० च्या यूटीसी मध्यरात्रीपासूनचे सेकंद, त्यात झोन नसतो. डेटटाइमचं फ्रॉम-टाइमस्टॅम्प झोन न देता बोलावलं तर ज्या मशिनवर स्क्रिप्ट चालतेय त्याचा झोन लागतो, तुमच्या लॅपटॉपवर भारताची वेळ आणि क्लाउडच्या सर्व्हरवर बहुधा यूटीसी. रात्री साडेबाराला पडलेली फाइल सर्व्हरच्या रिपोर्टमध्ये आदल्या दिवसाची दिसते. महिनाअखेरीला हे चांगलंच महागात पडतं. झोन नेहमी हातानं द्या, साठवताना यूटीसी, दाखवताना झोनइन्फो मॉड्यूलमधला ‘एशिया/कोलकाता’. यूटीसी-फ्रॉम-टाइमस्टॅम्प नावाचं फंक्शन जुन्या उत्तरांत सापडेल, ते वापरू नका, ते झोन नसलेला डेटटाइम देतं आणि ३.१२ मध्ये डेप्रिकेटेड झालंय. रिपोर्टमध्ये कधी ‘१ जानेवारी १९७०, पहाटे ५:३०’ दिसलं तर ती तारीख नाही, ते शून्य आहे, कुठेतरी वेळ मिळालीच नाही आणि कोणी तरी शून्य पुढे ढकललं. ‘१ जानेवारी १६०१, ५:३०’ दिसलं तर विंडोजचं शून्य, विंडोजच्या एनटीएफएस फाइल सिस्टमचं घड्याळ १६०१ पासून १०० नॅनोसेकंदांच्या टप्प्यात मोजतं.

बदल झाला का हे पकडायला एमटाइम वापरणार असाल तर नुसता एमटाइम नको, ‘एनएस’ (नॅनोसेकंद) लावलेला घ्या, पायथन ३.३ पासून आहे. साधा एमटाइम फ्लोट (दशांश आकडा) असतो आणि आजच्या तारखेच्या एवढ्या मोठ्या आकड्याला फ्लोटमध्ये साधारण पाव मायक्रोसेकंदापेक्षा बारीक काही मावत नाही, म्हणजे नॅनोसेकंद गळतात आणि दोन प्रोग्राममधली तुलना विनाकारण चुकते. त्यातही प्रत्येक फाइल सिस्टमची बारीकी वेगळी. ईएक्सटी४ आणि मॅकवरची एपीएफएस नॅनोसेकंद लिहितात, जुनं ईएक्सटी३ आणि मॅकवरची जुनी एचएफएस प्लस पूर्ण सेकंदच, आणि पेन ड्राइव्हवरच्या फॅट३२ मध्ये एमटाइम दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यात, वर तो स्थानिक वेळेत लिहिलेला. स्कॅनरनं पेन ड्राइव्हवर टाकलेली फाइल दोन मशिनवर साडेपाच तासांच्या फरकानं दिसते ती यामुळे. आरसिंकमध्ये मॉडिफाय-विंडो नावाचा पर्याय आहे तो फॅटच्या याच दोन सेकंदांसाठी. रोजच्या कामाला साइज, एनएसवाला एमटाइम आणि आयनोड नंबर असे तीन मिळून जुळवा, पूर्ण खात्री हवी असेल तर हॅश (पूर्ण मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) काढावाच लागतो. फक्त वनड्राइव्हच्या फोल्डरवर हॅश काढायला जाल तेव्हा जरा थांबा, तिथं ढगात असलेल्या फाइलची साइज स्टॅटमध्ये पूर्ण दिसते, पण वाचायला गेलात की ती डाउनलोड व्हायला लागते आणि हजार फाइलींवर नेट आणि डिस्क दोन्ही भरतात.

साइजचं तसं सोपं आहे. साइज फील्ड म्हणजे फाइलमध्ये किती बाइट आहेत, डिस्कवर किती जागा गेली ते वेगळं, त्यासाठी लिनक्स-मॅकवर ब्लॉक्स फील्डला ५१२ नं गुणा, डिस्कचा ब्लॉक कितीचाही असो. व्हर्च्युअल मशिनच्या स्पार्स (मधल्या रिकाम्या जागा डिस्कवर न लिहिलेल्या) फाइली ४० जीबी दिसतात आणि डिस्कवर ३ जीबी खातात, एलएस आणि डीयू (डिस्कवर गेलेली जागा दाखवणारी कमांड) यांचे आकडे जुळत नाहीत ते म्हणून. आणि डिरेक्टरीची साइज ४०९६ आली तर ती आतल्या फाइलींची बेरीज नाही.

मालक. लिनक्सवर यूआयडी हा नंबर मिळतो, पीडब्ल्यूडी मॉड्यूलमधून त्याचं नाव काढायचं, पण त्या नंबरचा युजर मशिनवर नसेल, आणि कंटेनरमध्ये हे सर्रास होतं, तर की-एरर येतो, तेव्हा नंबरच दाखवा आणि पुढे चला. विंडोजवर यूआयडी कायम शून्य, तिथं मालक सिक्युरिटी डिस्क्रिप्टरमध्ये असतो आणि तो पायविन३२ सारख्या लायब्ररीनं वाचावा लागतो, पाथलिबची ओनर मेथड विंडोजवर सरळ एक्सेप्शन देते. पण तुमच्या केसमध्ये मला वाटतं मालक काढून काही हाती लागणार नाही. स्कॅनर एकाच अकाउंटनं शेअरवर लिहितो, सांबात (लिनक्सवरून विंडोजसारखं शेअर देणारं सॉफ्टवेअर) फोर्स-युजर लावलेला असेल तर सगळ्यांच्या फाइली एकाच नावावर, म्हणजे यादीत प्रत्येक ओळीला तोच मालक. ‘कोणी स्कॅन केलं’ हे हवं असेल तर स्कॅनरवर युजरनिहाय फोल्डर करून घ्या.

परवानग्यांसाठी मोड फील्ड आहे, त्यात फाइलचा प्रकार आणि परवानगी एकत्र भरलेली असते, स्टॅट नावाच्याच मॉड्यूलमधलं फाइलमोड फंक्शन ती एलएससारखी अक्षरांत करून देतं. पण ‘मला ही फाइल उघडता येईल का’ हे मोड बघून ठरवू नका, एसीएल (युजरनिहाय वेगळ्या परवानग्यांच्या याद्या) असतात, रीड-ओन्ली माउंट असतात. उघडून बघा, नाही उघडली तर एक्सेप्शन पकडा. ओएस मॉड्यूलचं ॲक्सेस फंक्शन विंडोजवर लिहिण्याबाबत फक्त रीड-ओन्ली ॲट्रिब्यूट बघतं, एसीएल बघतच नाही. तसंच ‘आहे का’ तपासून मग उघडणं हेही टाळा, त्या दोन ओळींच्या मधे फाइल जाऊ शकते. आधी उघडा, मग उघडलेल्या फाइलच्या डिस्क्रिप्टरवर एफस्टॅट करा, म्हणजे जी वाचताय तिचीच माहिती मिळते. सिमलिंक असेल तर साधं स्टॅट लिंक ज्याकडे बोट दाखवते त्या फाइलची माहिती देतं, एलस्टॅट लिंकची स्वतःची, आणि तुटलेल्या लिंकवर एक्झिस्ट्स खोटं सांगतं जरी एलएसमध्ये नाव दिसत असलं.

आता मराठी नावांचं, यावर इंग्रजी उत्तरांत काही सापडत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. ‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्यांची’, ‘कर्मचाऱ्यांचे’ या शब्दांतला अर्धा र डोळ्याला एकच दिसतो, पण तो तीन तऱ्हांनी टाइप होऊन येतो. एक, सरळ ऱ हे अक्षर, युनिकोड ०९३१. दुसरी, साधा र आणि त्याला नुक्ता (खालचा टिंब), ०९३० आणि ०९३सी. तिसरी, र, हलंत आणि मग न दिसणारा झीरो-विड्थ जॉइनर. ‘ऱ्या’ हा तुकडा पहिल्या तऱ्हेनं यूटीएफ-८ मध्ये १२ बाइटचा होतो, दुसऱ्या आणि तिसऱ्या तऱ्हेनं १५ बाइटचा, तोही वेगवेगळ्या बाइटचा. लिनक्सची फाइल सिस्टम नाव म्हणजे बाइटची माळ समजते, त्यामुळे तिच्यासाठी ही तीन वेगळी नावं आहेत, आणि यादीत दिसणारी फाइल तुम्ही कीबोर्डवरून नाव टाइप करून शोधलीत तर ‘सापडली नाही’. जुन्या मॅकवरची एचएफएस प्लस फाइल सिस्टम नाव साठवताना ऱ ला मुद्दाम र आणि नुक्त्यात फोडायची, म्हणून मॅकवरून आलेल्या फाइलींत हे जास्त दिसतं. उपाय असा: फाइल उघडायला नाव नेहमी डिरेक्टरीनं जसं दिलं तसंच वापरा, त्याला हात लावू नका, आणि तुलना करायला दोन्ही बाजू युनिकोडडेटा मॉड्यूलच्या नॉर्मलाइझनं एनएफसी या ठरलेल्या युनिकोड रूपात आणा. एनएफसीनं पहिली आणि दुसरी तऱ्हा एक होते. तिसरी होत नाही, झीरो-विड्थ जॉइनर नॉर्मलायझेशनमध्ये जात नाही, त्यासाठी तुलनेच्या आधी ‘र, हलंत, जॉइनर’ हा क्रम शोधून ‘ऱ, हलंत’ करा, ही ओळ हातानंच लिहावी लागते.

दुसरी अडचण लांबीची. ईएक्सटी४ वर नावाला २५५ बाइट मिळतात, एनटीएफएसवर २५५ यूटीएफ-१६ युनिट. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट, मात्रा, अनुस्वार, हलंत सगळे वेगळे मोजून, म्हणजे लिनक्सवर जेमतेम ८५ चिन्हं. नुसता ‘शेतकऱ्यांची’ हा शब्द ११ चिन्हांचा, ३३ बाइटचा. विंडोजवर आरामात बसलेलं ‘… अनुदान मागणी अर्ज व सोबतची कागदपत्रे …’ असलं लांबलचक नाव लिनक्सवर कॉपी होताना ‘फाइल नेम टू लाँग’ म्हणून अडतं. तुमच्या ‘गायब’ फाइलींतल्या काही अशा असू शकतात, तपासून बघा.

फोल्डर मोठं असेल तर आधी नावांची यादी आणि मग प्रत्येकावर स्टॅट असं करू नका, स्कॅनडिर वापरा, ते पायथन ३.५ मध्ये २०१५ ला आलं, पीईपी ४७१ या पायथनच्या सुधारणा-प्रस्तावातून. विंडोजवर डिरेक्टरी वाचतानाच साइज आणि वेळा मिळतात, त्या ते टाकून न देता तुमच्या हातात देतं, त्यामुळे नेटवर्क शेअरवर तर फरक जाणवण्याइतका पडतो. फक्त तिथं आयनोड, डिव्हाइस आणि एनलिंक शून्य येतात, ते हवे असतील तर त्या फाइलीपुरतं ओएसचं स्टॅट बोलवा. एनएफएसवर (युनिक्सच्या नेटवर्क शेअरवर) असाल तर क्लायंट ही माहिती कॅशमध्ये ठेवतो, साध्या फाइलींसाठी डिफॉल्ट ३ ते ६० सेकंद, म्हणून दुसऱ्या मशिननं लिहिलेलं लगेच दिसलं नाही तर कोडमध्ये चूक शोधत बसू नका.

इतर भाषांतही हाच खेळ आहे, फक्त प्रत्येकीची एक खोच. पीएचपी शेवटच्या फाइलचं स्टॅट त्या रिक्वेस्टभर लक्षात ठेवतं, लूपमध्ये साइज वाढायची वाट बघत असाल तर क्लिअर-स्टॅट-कॅश बोलवावं लागतं. जावाचा जुना फाइल क्लास फाइल नसली तरी लास्ट-मॉडिफाइड शून्य देतो, एरर नाही, म्हणून २०११ च्या जावा ७ मधलं एनआयओचं रीड-ॲट्रिब्यूट्स वापरा, ते एक्सेप्शन देतं. सी शार्पमध्ये, अस्तित्वातच नसलेल्या फाइलची वेळ विचारली तर ते वर सांगितलेलं १६०१. मला यात रस्टची पद्धत सगळ्यात प्रामाणिक वाटते, तिथं क्रिएटेड विचारलं आणि प्लॅटफॉर्मकडे नसेल तर सरळ एरर हातात येतो, खोटी तारीख येत नाही.

तुमच्या स्क्रिप्टमध्ये एक गोष्ट आणखी लागेल. स्कॅनर फाइल लिहीत असतानाच तुम्ही स्टॅट केलंत तर साइज अर्धवट येते. स्कॅनरवर ‘आधी तात्पुरतं नाव, पूर्ण झाल्यावर रीनेम’ अशी सोय असेल तर ती चालू करा, एकाच फाइल सिस्टमवर रीनेम अर्धवट कधी दिसत नाही. नसेल तर ज्या फाइलचा एमटाइम गेल्या दोन मिनिटांतला आहे ती या फेरीत सोडून द्या आणि पुढच्या फेरीत घ्या, वर पीडीएफच्या शेवटी ‘ईओएफ’ ची खूण आहे का तेही बघा.

आणि चालू करायच्या आधी एक वेगळं फोल्डर करा, त्यात नावात स्पेस असलेली एक फाइल, नावात नवीन ओळ असलेली एक, ‘दुसऱ्या’ हे नाव तिन्ही तऱ्हांनी लिहिलेल्या तीन, एक शून्य बाइटची, एक ४ जीबीच्या वरची, एक तुटलेली सिमलिंक, एक वाचायची परवानगी नसलेली, आणि एक ‘टच’ नं २००५ ची तारीख लावलेली. स्क्रिप्ट यावर एकदा लिनक्सवर आणि एकदा विंडोजवर चालवा (जॉइनरवाली नावं विंडोजवर तशीच बनतात का ते तिथं करूनच बघा, नवीन ओळ तर विंडोज नावात घेतच नाही). दोन्हीकडच्या याद्या शेजारी ठेवल्या की जिथं आकडे वेगळे येतील तो रकाना यादीतून काढायचा की जपायचा ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल.